सहावा बार

शेवटचा बार उडाला तेव्हा आम्ही तिघं बांधाच्या आड, बाभळीच्या बुंध्याशी अंग चोरून बसलो होतो. वर उडालेले दगड ढेकळांत धपाधप पडले. मागून बारीक खडी आली आणि मग नुसती धूळ. म्हातारदेवनं डोक्यावर उपडं धरलेलं घमेलं खाली ठेवलं.

"किती झाले, मास्तर?"

"सहा," मी म्हणालो.

"मला आपलं वाटलं..."

"सहा म्हणालो ना."

त्यानं घमेल्यावरची धूळ हातानं पुसली. सुरुंगाच्या कामात त्याचा डावा कान गेला होता, त्यामुळे बार मोजायचं काम त्याच्याकडे कधीच नसायचं.

ही त्र्याऐंशी सालच्या एप्रिलमधली गोष्ट आहे. पाथर्डीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, गर्जे नावाच्या एका शेतकऱ्याची विहीर आम्ही खोदत होतो. आठ परस, म्हणजे पन्नासेक फूट खाली गेलो होतो आणि काळा पाषाण लागला होता. रोज सकाळी तळाला भोकं मारायची, त्यात सुरुंगाची दारू भरायची, दुपारी वाती पेटवून वर यायचं, बार उडाले की फुटलेला दगड यारीनं वर काढायचा. यारी म्हणजे काठावर उभी केलेली हातानं फिरवायची क्रेन. तिच्या लोखंडी दोराला एक मोठा डोल. दगड त्यातूनच वर यायचा आणि माणूसही त्यातूनच खाली जायचा.

टोळी चौघांची. मुकादम स्तेफनतात्या घाटविसावे, आमच्याच ख्रिस्ती मंडळीतले, साठीला आलेले. म्हातारदेव आणि त्याचा पुतण्या आदिनाथ हे दोघं शेजारच्या गावचे. आणि मी. माझं शिक्षण बारावीपर्यंत झालं होतं आणि आमच्या पाळकसाहेबांकडे पाच गावं असल्यामुळे महिन्यातल्या दोन रविवारी देवळात उपदेश मीच करायचो. म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. कामावरही सकाळची प्रार्थना मीच करायचो. विहिरीच्या काठावर उभा राहून, हात वर करून, चांगली पाच मिनिटं. म्हातारदेव आणि आदिनाथ आमच्या धर्माचे नव्हते, तरी टोप्या काढून उभे राहायचे. तात्या खाली बघत ऐकायचे, "आमेन" म्हणायचे आणि पहार उचलायचे. त्यांना स्वतःला मोठ्यानं प्रार्थना करताना मी कधी ऐकलं नव्हतं. देवळात ते दाराजवळच्या सतरंजीवर बसायचे आणि माझा उपदेश लांबला की पेंगायचे. खरं सांगतो, त्याचा मला राग यायचा.

तात्यांचे दोन नियम होते. जेवढे बार भरले तेवढे मोजून घ्यायचे. एक जरी कमी उडाला तर त्या दिवशी विहिरीत कोणी पाय टाकायचा नाही. आणि बार उडाल्यावर पहिला माणूस खाली जायचा तो मुकादम. तोच कडेचे सुटलेले दगड बघणार, न पेटलेली वात राहिलीय का ते बघणार, मग हाक मारणार. बाकीच्या टोळ्यांत या कामाला गरजेनं गांजलेला, नवखा गडी पाठवायचे. तात्या स्वतः जायचे.

त्या दिवशी ते पहारींना धार लावून आणायला गावात लोहाराकडे गेले होते. जाताना मला म्हणाले होते, "सहा भरलेत. साडेबाराला उडव. मोजून घे. आणि खाली पहिला तू."

धूळ बसली. मी काठावरून डोकावलो. तळ दिसत नव्हता, पिवळट धूर अजून भिंतींना चिकटून होता.

"आदिनाथ," मी म्हणालो, "तू हो पुढं. माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय. तेवढा बांधतो आणि आलोच."

आदिनाथ पंचविशीचा. सगळ्यात धट्टाकट्टा आणि सगळ्यात कमी बोलणारा. "बरं," म्हणाला आणि डोलात बसला. म्हातारदेवनं आणि मी यारीच्या दोन बाजूंच्या दोन मुठी धरून त्याला खाली सोडलं. दोर सैल झाला, म्हणजे तो उतरला. मी खाली बसून चपलेला सुतळी गुंडाळायला लागलो.

दोन मिनिटंही झाली नसतील. आधी दगड घसरल्याचा आवाज आला आणि त्याच्यापाठोपाठ आदिनाथची किंकाळी.

"पाय! काका, पाय गावला दगडाखाली!"

म्हातारदेव पालथा पडून काठावरून वाकला. "निघतोय का?"

"न्हाई निघत! लई मोठाय!"

मग एकदम तो ओरडायचा थांबला. पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी हळू होता.

"मास्तर, हितं धूर येतोय."

"धुराळा असेल," मी वरून म्हणालो.

"धुराळा न्हाई. भोकातनं येतोय. वातीचा वास येतोय."

वात कधीकधी आतल्या आत दबते. पेटतही नाही आणि विझतही नाही, धुमसत राहते. मग बार पाच मिनिटांनी उडतो, कधी तासानं, कधी उडतच नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. खाली पाय अडकून बसलेल्या आदिनाथलाही.

माझे गुडघे आपोआप जमिनीला टेकले. मी डोळे मिटले, हात वर केले आणि प्रार्थना करायला लागलो. शब्द भराभर येत होते. देवळात येतात तसेच, एकाला एक जोडून. मला आठवतं, त्यातला एक शब्दही मला ऐकू येत नव्हता. ऐकू येत होता तो खालून आदिनाथचा दगड ढकलतानाचा कण्हण्याचा आवाज. तो येऊ नये म्हणून मी आणखी मोठ्यानं बोलत होतो.

म्हातारदेवनं माझी बखोटी धरून मला हलवलं.

"मास्तर, ते मागनं कर! डोलात बस, मी सोडतो तुला!"

"यारीला दोघं लागतात," मी म्हणालो.

"सोडायला एकटा बास हाय मी!"

"आणि ओढायला? वर कोण ओढणार?"

ते खरंच होतं. भरलेला डोल ओढायला दोन माणसं लागायचीच. म्हातारदेव माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या ओठांवर पांढरी धूळ बसली होती.

"मग मी उतरतो," तो म्हणाला. "तू सोड."

तो डोल वर घ्यायला यारीकडे वळला तेवढ्यात बांधावरून तात्या येताना दिसले. खांद्यावर तीन पहारी, घाईनं चालत येत होते. आमच्याकडे बघितल्याबरोबर ते पळायला लागले.

"कोण हाय खाली?"

"आदिनाथ," म्हातारदेव म्हणाला. "पाय अडकलाय. आन् वात धुमसतीय."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अजून गुडघ्यांवरच होतो.

"किती बार उडाले, सुमंत?"

कामावर ते मला नेहमी मास्तर म्हणायचे. त्या दिवशी नावानं हाक मारली.

"सहा."

"नीट सांग."

"सहाच, तात्या. त्याला भास झाला असेल."

त्यांनी दोन पहारी खाली टाकल्या, एक हातात ठेवली. तोवर म्हातारदेवनं रिकामा डोल वर घेतला होता. तात्यांनी डोक्याची टोपी काढून काठावर ठेवली, डोलात बसले आणि पहार मांडीवर आडवी घेतली.

"घ्या खाली."

एक मूठ म्हातारदेवनं धरली, दुसरी मी. दोर करकरायला लागला. तात्यांचं पिकलेलं डोकं काठाच्या खाली गेलं. पहिला परस, दुसरा, तिसरा. माझे हात घामानं मुठीवरून निसटत होते. ते माझ्या शब्दावर खाली चालले होते. सहा म्हणालो म्हणून चालले होते.

"तात्या!" मी ओरडलो. "तात्या, थांबा! मला माहीत नाही! मी मोजले नाहीत!"

म्हातारदेवनं मूठ धरून ठेवली. डोल मध्येच लोंबकळत राहिला.

"रविवारच्या उपदेशाची टिपणं लिहीत होतो," मी म्हणालो. आता मला थांबता येत नव्हतं. "तीन झाले तोवर ध्यान होतं. पुढचे किती, ते माहीत नाही. पाच असतील. वर या, तात्या!"

म्हातारदेव माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत त्या वेळी राग नव्हता. त्याला अजून नीट कळलंच नसावं. विहिरीतून आदिनाथचं रडणं ऐकू आलं. त्यानंही ऐकलं होतं बहुतेक.

मग तात्यांचा आवाज आला. विहिरीत माणसाचा आवाज घुमतो, त्यामुळे तो सगळ्या बाजूंनी आल्यासारखा वाटला.

"ठावं हाय मला. वाटंवर होतो, तवा मोजले. पाच झाले. थांबू नका, घ्या खाली."

आम्ही डोल खाली सोडला. माझे हात ते काम करत होते. मी कुठं होतो, मला सांगता येणार नाही.

त्यानंतर किती वेळ गेला, ठाऊक नाही. म्हातारदेव नंतर म्हणायचा, दहा मिनिटं. पहार दगडावर आपटल्याचा आवाज येत होता. ठण्ण. मग थांबायचा. मग पुन्हा ठण्ण. प्रत्येक आवाजाला माझं सगळं अंग आक्रसायचं. आणि मधूनमधून तात्यांचं बोलणं वर येत होतं.

"लेकीचं नाव काय ठेवलंस रं?"

"तात्या, तुम्ही वर जा."

"नाव इचारलं मी."

"न्हाई ठेवलं अजून."

"किती दिवसांची झाली?"

"वीस."

"वीस दिवस बिननावाची ठेवली का पोरगी? पाय सैल सोड. मी दगड उचलला की ओढायचा. ओरडायचं असंल तर ओरड."

तो ओरडला. तसं ओरडणं मी त्याआधी किंवा त्यानंतर ऐकलेलं नाही. मग दोराला दोन हिसके बसले. ओढा, ही खूण.

आम्ही ओढायला लागलो. डोल जड होता, पण एकाच माणसाचा होता. दोघं त्यात मावत नसत. आदिनाथचं डोकं काठावर आलं. तोंड राखेसारखं, उजव्या पायाच्या पुढच्या भागाचा चेंदा झालेला. म्हातारदेवनं त्याला लहान मुलासारखं उचलून बांधापलीकडे नेलं. मी एकट्यानं रिकामा डोल परत खाली सोडला. तळाशी आता धुमसत्या भोकाजवळ तात्या एकटे होते. मी कान देऊन ऐकत होतो. ते प्रार्थना करत असतील असं मला वाटलं होतं. ऐकू आला तो फक्त त्यांचा खोकला.

म्हातारदेव परत आला. आम्ही तात्यांना वर काढलं. काठावर पाय टेकल्याबरोबर ते म्हणाले, "चला लांब," आणि आम्ही तिघं बांधाच्या आड जाऊन पडलो.

आदिनाथच्या पायाला धोतराचं फडकं बांधून झालं. आरडाओरडा ऐकून आलेले गर्जे बैलगाडी जुंपून आणायला पळाले. तेव्हा म्हातारदेव उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं माझ्या थोबाडीत मारली. एकच. मग आदिनाथचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

तात्यांनी कळशीतून तांब्यात पाणी घेतलं. तांब्या तोंडापर्यंत जाईना. सगळं पाणी सदऱ्यावर सांडलं. शेवटी त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि हात मांड्यांखाली दाबून धरले.

"घाबरलो रं लई," ते म्हणाले.

मी त्यांच्याजवळ सरकलो.

"तुम्हाला पाच माहीत होते, तर मला का विचारलंत?"

"तू सांगशील म्हणून."

"आणि मी आधीच खरं सांगितलं असतं तर?"

"तर काय? उतरलोच असतो. पोरगा खाली व्हता." थोड्या वेळानं त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. "ती चप्पल कशानं तुटली?"

मी अंगठ्याला गुंडाळलेली सुतळी चाचपली. मग बोललो. "मी तोडली. बोट घालून. मला खाली जायचं नव्हतं."

तात्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आदिनाथला हे ठावं न्हाई," ते म्हणाले. "त्याला वाटतंय, नुसती मोजदाद चुकली."

"तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकेल तो."

"मी कशाला? चप्पल काय मी तोडली?"

सहावा बार उडालाच नाही. संध्याकाळ झाली, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी खाली जाऊन ते भोक पाण्यानं धुऊन काढायला हवं होतं. तात्या डोलात बसायला लागले तेव्हा मी मध्ये उभा राहिलो. धीर आला होता म्हणून नव्हे. रात्रभर मी झोपलो नव्हतो. पण म्हातारदेव तिथं होता आणि त्याच्यासमोर तात्यांना पुन्हा खाली सोडणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी उतरलो. पाण्याची बादली मांडीत धरून. तळाला आदिनाथची चप्पल पडली होती, रक्त वाळून तिचं चामडं काळं पडलं होतं. भोकात पाणी ओतताना मी प्रार्थनेचा एक शब्दही उच्चारू शकलो नाही. फक्त "प्रभू, प्रभू" एवढंच म्हणत राहिलो. पाणी वर आलं, त्यात दारूचा चिखल होता. मी तो हातानं उपसला, डोलात भरला आणि दोराला दोन हिसके दिले.

शनिवारी मी पाळकसाहेबांना निरोप पाठवला की उद्या मी बोलणार नाही. रविवारी सकाळी उपासनेच्या वेळेला मी नगरच्या दवाखान्यात होतो.

आदिनाथची पायाची तीन बोटं काढली होती. खाट खिडकीशी होती. तो मला बघून हसला, उठून बसायला लागला. "या मास्तर. तात्या कालच येऊन गेले. त्यांनी पोरीचं नाव सुचवलंय एक."

विहिरीत उतरताना वाटली नव्हती तेवढी भीती मला त्या खाटेजवळच्या स्टुलावर वाटली. त्याला अजून मी आवडत होतो. गप्प बसलो असतो तर जन्मभर आवडत राहिलो असतो. तात्या तोंड उघडणार नाहीत याची मला खात्री होती.

मी सांगितलं. बार मोजले नव्हते, मनात शंका होती, म्हणूनच पहिला मी जायच्याऐवजी त्याला पाठवलं, चप्पल मी स्वतः तोडली. सगळं सांगितलं. सांगताना मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, कारण खाली बघितलं असतं तर तो बांधलेला पाय दिसला असता.

त्याचं हसू कधी गेलं ते कळलं नाही. त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर कोणीतरी नळावर भांडी घासत होतं, तो आवाज येत राहिला.

थोड्या वेळानं त्याची बायको छबू आत आली. वीस-बावीस दिवसांची पोर खांद्याशी धरलेली, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं जेवण. मला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मास्तर कधी आले? यांनी लई आठवण काढली तुमची." तिनं पोर आदिनाथच्या कुशीत ठेवली, फडकं सोडलं, भाकरीवर ठेचा घालून आधी माझ्यासमोर धरली. "घ्या. इतक्या लांबनं आलाय, उपाशी असाल. तुम्ही सगळ्यांनी मिळून काढलं यांना वर. देवासारखे धावलात."

मी हात पुढे केला नाही. ती तशीच भाकरी धरून उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघायला लागली.

आदिनाथ अजून खिडकीकडेच तोंड करून होता.

"घे भाकरी," तो मला म्हणाला. आवाज कोरडा होता. "हातात घे आन् बस. आन् मला सांगितलंस ना, ते हिलाबी सांग."

मी भाकरी घेतली. छबू खाली फरशीवर बसली, पदरानं हात पुसले आणि माझ्याकडे बघत थांबली. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.